टायटॅनिकला रडलेले लोक सैराटवर का चिडले?

मे २०१६. मार्केट यार्डात आंब्याचा हंगाम चालू होता. फळ विभागात हापूसच्या पेट्यांच्या थप्प्या लागलेल्या. पहाटे भाजीपाल्याचे टेम्पो आत शिरायचे तेव्हा जवळजवळ प्रत्येक टेम्पोतून 'झिंगाट' ऐकू यायचं. त्याच उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागत होतं. मराठवाड्यातून आणि सोलापूर-करमाळ्याकडून पोटासाठी आलेली माणसं यार्डात पोती उचलत होती आणि मोबाईलवर गावाकडच्या टँकरची चौकशी करत होती.

आमचा अभ्यासवर्ग आंबेडकरनगरात रविवारी संध्याकाळी भरायचा. त्या रविवारी विषय वेगळा ठरला होता, पण कोणी त्याकडे वळायलाच तयार नव्हतं. सगळे 'सैराट'वर बोलत होते, आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नव्हतं.

कॉलेजच्या पोरांनी सिनेमा तीन-तीन वेळा बघितला होता. त्यांना आर्ची पाठ होती. एक वयस्कर हमालदादा म्हणाले, "पहिला अर्धा तुमचा, दुसरा अर्धा आमचा. अनोळखी शहरात उतरायचं, खिशात पैसे नाहीत, झोपडपट्टीत कोणीतरी बाई खोली देती, तिथून संसार सुरू. हे आम्ही केलंय." भुसार विभागातल्या एका गाळ्यावरचे दिवाणजी चहाच्या टपरीवर ठासून सांगत होते की असल्या सिनेमांनी पोरी बिघडतात. आणि आमचाच एक जुना कार्यकर्ता सगळ्यात जास्त संतापला होता. "मारला कोण जातो? आपला पोरगा. तिकीट काढून बघतो कोण? आपण. वर त्याच्याच गाण्यावर आपणच नाचायचं?"

ही मतं आवडीनिवडीची आहेत असं तेव्हा वाटलं होतं. आज मागे वळून बघताना आम्हाला तसं वाटत नाही. कोणाचं मत काय होतं, हे तो माणूस समाजाच्या कोणत्या मजल्यावर उभा होता यावर बरंचसं ठरत होतं. आणि तो मजला कसा बांधला गेला, हे समजून घ्यायला इतिहासात जावं लागतं.

बोट बुडाली तेव्हा कोणी भांडलं नाही

'सैराट'च्या आधी अठरा वर्षं, १९९८ मध्ये, भारतात 'टायटॅनिक' आला होता. जेम्स कॅमेरॉनचा सिनेमा. त्याला अकरा ऑस्कर मिळाली. पुण्यात कटिंग सलूनपासून हॉस्टेलच्या खोल्यांपर्यंत जॅक आणि रोझचं पोस्टर लागलं होतं. इंग्रजी न समजणारेही रडून बाहेर पडत.

गोष्ट काय होती? श्रीमंत घरची मुलगी. आईने पैशासाठी तिचं लग्न एका धनदांडग्याशी ठरवलेलं. ती तिसऱ्या वर्गाच्या तिकिटावर आलेल्या कफल्लक पोराच्या प्रेमात पडते, आईला आणि होणाऱ्या नवऱ्याला झुगारून देते. म्हणजे घराण्याची अब्रू धुळीला मिळवते! पण 'टायटॅनिक'मुळे पोरी बिघडतील, असं म्हणत कोणी मोर्चा काढल्याचं आम्हाला आठवत नाही. आमच्याच ओळखीतल्या ज्या काकांनी तेव्हा मुलांना घेऊन जाऊन तो दाखवला, ते 'सैराट'च्या वेळी "घरच्यांबरोबर बघण्यासारखा नाही" म्हणाले.

'टायटॅनिक'बद्दल वाद झाला नाही असं नाही. कोणी म्हणालं, महान सिनेमा. कोणी म्हणालं, दीड हजार माणसांच्या मरणावर उभी केलेली गुळगुळीत प्रेमकथा. आणि सगळ्यात गाजलेला वाद तर फळीचा. रोझ ज्या फळीवर तरंगली तिच्यावर जॅकही मावला असता की नाही? यावर जगभर लोक वर्षानुवर्षं भांडले. पण हा वाद निर्धोक होता. जॅकला थंड पाण्याने मारलं. पाण्याला जात नसते, आडनाव नसतं, आणि ते थिएटरमध्ये आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसलेलं नसतं. त्यामुळे सगळ्यांना एकत्र रडता आलं.

खरी बोट बघितली तर तिथेही पाणी एवढं निष्पाप नव्हतं. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिक हिमनगावर आदळली आणि १५ तारखेच्या पहाटे बुडाली. बोटीवर सुमारे २,२०० माणसं होती आणि जीवरक्षक होड्यांमध्ये जागा १,१७८. सुमारे १,५०० जण मेले. पहिल्या वर्गातले शंभरातले साठेक वाचले, तिसऱ्या वर्गातले शंभरातले पंचवीसेक. हिमनग सगळ्यांसाठी एकच होता, पण होडीपर्यंतचा जिना सगळ्यांसाठी एक नव्हता. संकट नैसर्गिक असलं तरी त्यात कोण मरणार, हे समाजाने आधीच बऱ्यापैकी ठरवून ठेवलेलं असतं. दुष्काळात यार्डावर पोतं उचलायला कोण येतं आणि त्याच दुष्काळात टँकरचा ठेका कोणाला मिळतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

'सैराट'मध्ये मात्र हिमनग नाही. आर्चीचा भाऊ येतो, नातेवाईक येतात, आईने दिलेल्या भेटवस्तू आणतात, चहा पितात. मग शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं तान्हं मूल परत येतं आणि रक्तात पावलं उमटवत रडत बाहेर जातं. त्या शेवटाला संगीत नाही. मारणारे हात ओळखीचे आहेत. हीच गोष्ट अनेकांना सहन झाली नाही.

शंभर वर्षांपूर्वीचा एक निबंध

टायटॅनिक ज्या न्यूयॉर्क बंदरात कधीच पोहोचली नाही, तिथे त्यानंतर पंधरा महिन्यांनी, जुलै १९१३ मध्ये, एक बावीस वर्षांचा विद्यार्थी बोटीतून उतरला. भीमराव रामजी आंबेडकर. तिथल्याच कोलंबिया विद्यापीठात ९ मे १९१६ रोजी त्यांनी मानववंशशास्त्राच्या एका चर्चासत्रात भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला.

'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला प्रदर्शित झाला. निबंधाला शंभर वर्षं पूर्ण व्हायला दहा दिवस कमी होते. हा निव्वळ योगायोग. पण आमच्या अभ्यासवर्गात आम्ही ही दोन्ही शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा कॉलेजच्या पोरांना पहिल्यांदा तो निबंध वाचावासा वाटला.

बाबासाहेबांनी त्यात काय मांडलं? थोडक्यात असं: जातीचा गाभा विटाळात नाही, धंद्यात नाही, सोबत न जेवण्यातही नाही. जातीचा गाभा आहे जातीतच लग्न करण्याच्या सक्तीत. ही सक्ती गेली तर जात टिकत नाही. आणि ही सक्ती टिकवायची तर गटातल्या स्त्रियांची आणि पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा मेला की बाई उरते. ती गटाबाहेर लग्न करील ही भीती. म्हणून तिला नवऱ्याबरोबर जाळा, नाहीतर जन्मभर विधवा ठेवून तिची इच्छाच मारा. बायको मेली की पुरुष उरतो. त्याला जाळता येत नाही, तो गटाला हवा असतो. म्हणून त्याला लग्नाच्या वयात न आलेली पोरगी द्या. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तीन वेगवेगळ्या 'वाईट चालीरीती' नाहीत, एकाच भिंतीच्या विटा आहेत, हे पंचविशीतल्या त्या विद्यार्थ्याने दाखवून दिलं.

हा निबंध वाचल्यावर आर्चीचा गुन्हा नीट समजतो. ती बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, पोलीस ठाण्यात जाऊन पोरांवरची बलात्काराची खोटी फिर्याद फाडते. हे सगळं तिच्या घराण्याने एकवेळ कौतुकाने पचवलं असतं. पाटलाची लेक आहे, धीट आहे! पण तिने नवरा स्वतः निवडला. मच्छीमाराचा पोरगा निवडला. भिंतीची वीट स्वतःहून हलली. तिच्या बापाचा राग हा एका तापट माणसाचा राग नाही. ती संस्था आपलं काम करते आहे.

पुण्याच्याच मातीतला पुरावा

कोणी म्हणेल, हे सगळं अमेरिकेतल्या वर्गात वाचलेलं तत्त्वज्ञान. मग मार्केट यार्डातून बाहेर पडा आणि टिंबर मार्केटच्या मागून गंज पेठेकडे चालत जा. जिथे आज फुलेवाडा आहे, तिथे जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह चालू केलं. कोणासाठी? प्रामुख्याने ब्राह्मण विधवांसाठी. पुनर्विवाह करायचा नाही, फसवला गेला तर जीव द्यायचा किंवा मूल मारायचं, अशी ज्यांची अवस्था होती त्यांच्यासाठी. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कागदावर मांडलेली 'उरलेली स्त्री' फुले दाम्पत्याच्या दारात त्याआधी पन्नास वर्षं येऊन उभी राहिली होती.

तिथेच जन्मलेल्या एका मुलाला त्यांनी दत्तक घेतलं. यशवंत. ब्राह्मण विधवेचा मुलगा, माळ्याच्या घरात वाढलेला. त्याला मुलगी कोण देणार? १८८९ मध्ये हडपसरच्या ज्ञानोबा ससाण्यांनी आपली मुलगी दिली. मार्केट यार्डात रोज भाजी घेऊन येणारं जे हडपसर, तेच हे. एकशे पंचवीस वर्षांहून आधी तिथल्या एका शेतकरी बापाने जे केलं, ते करायची हिंमत आज किती बापांत आहे?

आणखी मागे जा. बाराव्या शतकात, आपल्या लातूर-उमरग्याच्या पलीकडेच असलेल्या कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बसवण्णांच्या शरण मंडळीत एक लग्न लागलं. परंपरा सांगते की मुलगा हरळय्या या चर्मकाराचा आणि मुलगी मधुवरस या ब्राह्मणाची. राजा बिज्जळाने दोन्ही बापांना हत्तीच्या पायाला बांधून ठार केलं आणि कल्याणात रक्तपात झाला. तिथे तर प्रेमिकांच्या आईबापांनी लग्नाला होकार दिला होता, म्हणून आईबापांनाच मारलं. घर राजी असलं तरी व्यवस्था राजी नसते, हा त्याचा धडा.

नंतर ही लढाई कायद्यात आली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायदेशीर मान्यता दिली. देशपातळीवर आंतरजातीय हिंदू विवाह सरसकट वैध ठरवणारा कायदा व्हायला १९४९ उजाडलं. म्हणजे तोपर्यंत असं लग्न कोर्टात मोडीत निघू शकत होतं. खुद्द बाबासाहेबांनी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी, म्हणजे आपल्या माईसाहेबांशी, नोंदणी पद्धतीने विवाह केला. तोही आंतरजातीय. हिंदू कोड बिल अडवलं गेलं तेव्हा १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. त्या बिलात लग्नाला जातीची अट नव्हती, बाईला घटस्फोट आणि वारसा होता. मंत्रिपद सोडण्यामागे इतरही कारणं होती, पण बाईच्या हक्काचं बिल हे मोठं कारण होतं, हे आपल्या पोरांना तरी माहीत हवं.

पडद्यावर कोण मरतं?

सिनेमाही या इतिहासाबाहेर नाही. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३५ मध्ये एकनाथांवर 'धर्मात्मा' काढला. संत अस्पृश्याच्या घरी जेवतो, म्हणजे सहभोजन. लग्नाचा प्रश्न तिथे आजच्या अर्थाने येतच नाही. पुढच्याच वर्षी मुंबईत बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' आला. अशोक कुमार ब्राह्मण पोरगा, देविका राणी अस्पृश्य पोरगी. प्रेम आहे, लग्न होत नाही, आणि शेवटी ती रेल्वेखाली मरते. प्रेक्षक रडला आणि घरी गेला. कारण इथेही मारलं ते रेल्वेने! त्याच १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांचं भाषण रद्द केलं आणि त्यांनी ते स्वतःच्या खर्चाने छापलं. 'जातिनिर्मूलन' आणि 'अछूत कन्या' एकाच वर्षाची लेकरं. एकाने रडवलं, त्याचं कौतुक झालं. दुसऱ्याने विचार करायला लावलं, त्याचं व्यासपीठ काढून घेतलं.

१९५९ चा बिमल रॉय यांचा 'सुजाता' एक पाऊल पुढे गेला. तिथे लग्न जुळतं, पण केव्हा? अस्पृश्य मुलीने आपलं रक्त देऊन उच्चवर्णीय आईचा जीव वाचवल्यावर. म्हणजे माणूस म्हणून मान्यता मिळवायला आधी रक्त द्यायचं.

या सगळ्या सिनेमांत अस्पृश्य पोरगी सोशिक आहे, गप्प आहे, आणि दया दाखवणारा वरचा आहे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांनी आधी 'फँड्री'त आणि मग 'सैराट'मध्ये ही चौकट उलटवली. बघणारा डोळा खालून वर बघतो. वरच्या जातीतली मुलगी इथे उपकारकर्ती नाही, ती पळून आल्यावर सार्वजनिक संडासाच्या वासाने रडते, भांडते, कामाला जाते, हळूहळू दुसरी भाषा शिकते. वर्गात दलित कवितेबद्दल बोलणाऱ्या लोखंडे सरांच्या कानाखाली मारणारा प्रिन्स शेवटी काय करणार, हे त्या थपडेतच लिहिलेलं आहे. ज्यांनी ती थप्पड बघताना हसू दाबलं, त्यांना शेवट 'अनावश्यक' वाटला.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप दिवाणजींचा: पोरं बिघडतात. आम्ही विचारतो, बिघडणं म्हणजे काय? पोराने दारू पिऊन बायकोला मारलं तर ते बिघडणं नाही, हुंडा घेतला तर नाही. पोरीने नवरा निवडला की मात्र बिघडणं. हा आक्षेप संस्काराच्या भाषेत येतो, पण राखण जातीची करतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर होता: हा सिनेमा एका जातीला खलनायक ठरवतो, जातीजातींत तेढ लावतो. 'सैराट' आला त्याच्या दोन वर्षं आणि एक दिवस आधी, २८ एप्रिल २०१४ ला, अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या एका दलित शाळकरी मुलाला वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो म्हणून हाल हाल करून मारलं गेलं. त्याच्या आदल्या वर्षी त्याच जिल्ह्यात सोनईत तिघे मेहतर तरुण मारले गेले. तेढ सिनेमाने लावली नव्हती. ती आधीपासून होती, सिनेमाने फक्त तिच्यावरचा पडदा बाजूला केला.

१३ जुलै २०१६ ला कोपर्डीत एका मराठा मुलीवर बलात्कार करून तिची हत्या झाली. ते कृत्य नीच होतं आणि आंबेडकरी माणसाने ते तसंच, कुठलीही पुस्ती न जोडता म्हटलं पाहिजे. पण त्यानंतर काही लोकांनी 'सैराट'कडेही बोट दाखवलं, आणि निघालेल्या मोर्च्यांत ॲट्रॉसिटी कायद्यात बदल करण्याची मागणी आली. प्रेमकथा आणि बलात्कार यांना एका माळेत ओवणाऱ्यांना आम्ही एवढंच सांगतो: पोरीची मर्जी असणं आणि नसणं यातला फरकच ज्यांना दिसत नाही, त्यांना पोरीची नव्हे, मालकीची काळजी आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये कोपर्डीच्या खटल्यात तिघांना फाशीची शिक्षा झाली. त्याच महिन्यात, त्याच जिल्ह्याच्या न्यायालयात, खर्ड्याच्या खटल्यातले सगळे आरोपी सुटले. साक्षीदार फिरले होते. कोपर्डीच्या मुलीला न्याय मिळाला याचं आम्हाला समाधान आहे. खर्ड्याच्या आईबापाला तो मिळाला नाही, हेही त्याच दमात बोलायला हवं.

इथे एक गोष्ट नोंदवायलाच पाहिजे. 'सैराट'वर नाचणाऱ्यांत मराठा पोरं भरपूर होती, आणि आर्चीवर जीव टाकणाऱ्या मराठा पोरी त्याहून जास्त. आमचं भांडण त्यांच्याशी नाही. त्यातल्या कित्येकींना आर्चीत आपली कोंडी दिसली असणार. जातीची भिंत बाहेरच्याला आत येऊ देत नाही तशी आतल्या मुलीला बाहेरही जाऊ देत नाही.

तिसरा आक्षेप आमच्याच माणसाचा. परश्याची जात ठळकपणे का सांगितली नाही? आपला पोरगा दरवेळी मरतोच का? हा सिनेमा आपल्या पोरांना भीती शिकवतो का? हा आक्षेप आम्ही झटकून टाकत नाही. मरणं दाखवून दाखवून मरणाचीही सवय होते, हे खरं आहे. जगलेल्या जोडप्यांचे सिनेमे निघाले पाहिजेत. आमच्या आसपास अशी जोडपी आहेत, त्यांची पोरं शाळेत जातात, त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही. पण एक बाजू अशीही की शंभर कोटींचा टप्पा ओलांडणाऱ्या या पहिल्या मराठी सिनेमाने तीन तासांपैकी अडीच तास लोकांना आपल्या बाजूला घेतलं आणि शेवटच्या काही मिनिटांत विचारलं, आता सांगा, तुम्ही कोणाच्या घरातले? गाण्यावर नाचून झालेल्या माणसाला या प्रश्नापासून पळता आलं नाही. म्हणूनच तो चिडला.

यार्डातली भाकर आणि यार्डातली भिंत

आता परत मार्केट यार्डात. कारण दुसऱ्याच्या घराची भिंत दाखवणं सोपं असतं.

बाबा आढावांनी १९५५ मध्ये हमाल पंचायत उभी केली. हमालांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. 'कष्टाची भाकर' सुरू झाली, जिथे कष्टकरी बायकांनी रांधलेलं अन्न कष्टकऱ्याला परवडेल अशा दरात मिळतं. तिथे भाकरी कोणी थापली आणि शेजारी कोण बसलंय हे विचारलं जात नाही. मराठा, धनगर, बौद्ध, मातंग, मुसलमान, वंजारी एका बाकावर जेवतात. आपल्या आजोबांच्या काळात हे स्वप्न होतं. रोटीबंदी तिथे तुटली, आणि ती कष्टकऱ्यांनी संघटित होऊन तोडली.

बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त याच टप्प्यावर थांबवून सांगितलं आहे की सहभोजनाने जात जाणार नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच. आणि पुढे असंही की लोक तो करत नाहीत कारण त्यांच्या धर्मसमजुती आड येतात, तेव्हा घाव तिथे घाला. एका बाकावर जेवणाऱ्या त्याच हमालांपैकी कोणाच्या मुलीने दुसऱ्या जातीतला मुलगा निवडला तर? देशात शंभर लग्नांमागे आंतरजातीय लग्नं पाचेक. रोटीबंदी मोडली, बेटीबंदी उभी आहे.

आणि ती आपल्याही दारात उभी आहे, हे आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. 'सैराट'नंतर काही महिन्यांनी एक जोडपं आमच्याकडे आलं. मुलगी आमच्याच वस्तीतली, बौद्ध. मुलगा अनुसूचित जातीतलाच, पण दुसऱ्या जातीचा. मुलीच्या घराच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, बाप जयंतीच्या मिरवणुकीत पुढे असायचा. त्याच बापाचं म्हणणं होतं, "आपल्यातला मिळत नव्हता का?" दोघांनी विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली. तो १९५४ चा कायदा चांगला, पण त्यात तीस दिवसांची नोटीस कार्यालयाच्या फलकावर लावतात. कोणीतरी तिचा फोटो काढला आणि तो मुलीच्या मामाच्या मोबाईलवर पोहोचला.

आम्ही काय केलं? आम्ही म्हणालो, "आपलीच माणसं आहेत, बैठक घेऊ." बैठकीची तारीख ठरेपर्यंत मुलीला गावाला नेलं होतं. दोन महिन्यांत तिचं लग्न लावून दिलं. ती जिवंत आहे, एवढंच आम्ही स्वतःला सांगत राहिलो. रविवारच्या वर्गात 'सैराट'च्या शेवटावर तास तास भाषणं करणाऱ्या आम्हाला त्या पोरीसाठी एक दिवस आधी उठता आलं नाही. फळीवर दोघं मावत होती, मित्रांनो. आम्ही फळी सरकवायला उशीर केला.

तेव्हापासून आमच्यात काही गोष्टी ठरल्या आहेत. जोडपं आलं की पहिला प्रश्न वयाचा आणि दुसरा मुलीच्या मर्जीचा, ती एकटी असताना विचारायचा. जातीचा प्रश्न नाहीच. बौद्ध आणि हिंदू यांचं लग्न हिंदू विवाह कायद्याखालीही लागतं, कारण त्या कायद्याच्या व्याख्येत बौद्ध येतात. विधी करून लग्न लागलं की नोंदणीला तीस दिवसांच्या नोटिशीची वाट बघावी लागत नाही. धोका असेल तर लेखी अर्ज थेट पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे द्यायचा. मार्च २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा यांचे निर्देश दिले आहेत. त्या निकालाची प्रत अर्जाला जोडायची. आंतरजातीय विवाहाला शासनाचं पन्नास हजारांचं अर्थसाहाय्य आहे, तोही अर्ज भरून घ्यायचा. आणि आईबापाशी बैठक लग्नानंतर. आधी नाही.

'सैराट' चांगला की वाईट, यावर मतं वेगवेगळी राहतील, राहू देत. आम्ही वर्गात आता तो वाद मिटवायच्या मागे लागत नाही. प्रत्येकाला एकच विचारतो: तुझ्या बहिणीने उद्या येऊन नाव सांगितलं, तर तू आडनाव विचारशील का? पहिल्यांदा विचारलं तेव्हा वर्गात बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मागच्या रांगेतल्या एका पोराने हात वर केला आणि म्हणाला, "मी विचारीन. पण आता विचारताना लाज वाटंल."

तिथून सुरुवात करू.

जय भीम.